कागदावर तोफमारा

नाही नाही, त्या खुर्चीवर नका बसू, तिचा मागचा पाय निसटतो — ह्या स्टुलावर बसा, आणि तो कागद असा टेबलावर नका ठेवू, खडूची पूड लागेल — द्या इकडे. वाचते मी. घाई आहे का तुम्हाला? सैन्याच्या दवाखान्यातून एवढ्या लांब एका सहीसाठी आलात, म्हणजे सही महत्त्वाचीच असणार. मी हात चालू ठेवते हं, रागावू नका, ही बाही उसवून ठेवलीय. हं. नव्या वॉर्डला आईचं नाव. दारावर पाटी, पाटीवर हा मजकूर, आणि मजकूर बरोबर आहे असं घरच्यांपैकी कुणीतरी लिहून द्यायचं. घरच्यांपैकी म्हणजे मीच. बाबा जाऊन वीस वर्षं झाली, आई जाऊन अकरा, आणि भावंड मला नाही — मग दुसरं राहिलं कोण?

'सलग चार तासांच्या तोफमाऱ्यात जखमींना सोडून न जाता' — सहा तास होते, पण तुमच्या कागदावर चार तर चार. 'स्वतः जखमी असूनही दिवस मावळेपर्यंत शस्त्रक्रियेच्या टेबलाशी उभ्या राहिल्या' — खरं आहे. शंभर टक्के खरं. 'तोफमाऱ्यात धारातीर्थी पडलेल्या रुग्णवाहिका चालकाला अखेरच्या क्षणी आईच्या मायेने' — हे कुणी लिहिलं? तुम्ही? जुन्या फायलीतून उतरवलंत. बरं. हे वाक्य तेवढं काढा आणि मग कुठे करायची तिथे सही करते. का म्हणजे काय — नको म्हणून. पाटीवर एवढं लांबलचक कोण वाचतं? पेशंट स्ट्रेचरवर असतो, त्याला छत दिसतं, पाटी नाही दिसत. … मंजूर झालाय? एक शब्दही हलत नाही? एक तर सगळा मजकूर, नाहीतर नावच नाही? अहो, युद्धसुद्धा मध्येच थांबवतात, तुमचं वाक्य थांबवता येत नाही होय?

फोटो दाखवा बघू. हाच, हाच. पदक लावल्यावरचा. केवढी देखणी होती बघा — सव्वीस वर्षांची. तोंड कसं मिटलंय ते बघितलंत? सगळे फोटो तसलेच. लग्नातसुद्धा. माणसं म्हणायची, काय करारी बाई, हसत नाही. करारी कसली, समोरचे दोन दात नव्हते. तुटले होते. तुमच्या फायलीत 'स्वतः जखमी' लिहिलंय ना, ते हेच दात. आता तुम्ही विचारणार, गोळ्यानं दातच कसे तुटले, बाकी तोंडाला ओरखडासुद्धा नाही. विचारा ना. विचारलं नाहीत तरी तुमच्या तोंडावर दिसतंय. सैन्यातली माणसं तुम्ही, तुम्हाला कळतं. तोफेनं नाही तुटले. त्या ड्रायव्हरनं तोडले. ह्याच, तुमच्या वाक्यातल्या. धारातीर्थी पडलेल्या.

दवाखाना एका शाळेत होता. बाकं बाहेर फेकून खाटा टाकलेल्या, आणि फळ्यावर खडूनं रोज आकडे — आले किती, गेले किती, पुढे पाठवले किती. आई एकटीच सिस्टर, दुसरी होती ती आठवड्यापूर्वीच तापानं गेली. डॉक्टर एक, मेजर, मास्तरांच्या खोलीत कापाकापी करायचे. एक वॉर्डबॉय. आणि हा ड्रायव्हर. चांगला होता हो. वाईट असता तर मला सांगायला सोपं गेलं असतं. दोन महिने तो रोज पुढे जायचा आणि माणसं भरून आणायचा, गाडीला चाळणीसारखी भोकं, एक दरवाजा दोरीनं बांधलेला. येताना हॉर्न तीनदा वाजवला की तीन गंभीर, पाचदा वाजवला की पाच — म्हणजे आईनं तेवढी टेबलं तयार ठेवायची. एकशे चाळीसच्या वर माणसं आणली त्यानं. आईला चहा करून द्यायचा. तिच्या बुटाची टाच निखळली तर गाडीतला खिळा ठोकून दिला. ती त्याला 'ड्रायव्हरभाऊ' म्हणायची, तो तिला 'सिस्टर'. इतकंच. नाही, तसलं काही नव्हतं, तुमच्या मनात आलं असेल तर काढून टाका.

तर त्या दिवशी सकाळपासून तोफा. दुपारी बाराला गाडी आली आणि हॉर्न नाही वाजला. आई बाहेर धावली. मागच्या फळीवर एकच माणूस होता आणि ड्रायव्हर त्याच्या शेजारी बसलेला, गाडी तिसराच कुणीतरी चालवत होता. तो माणूस म्हणजे ह्याचा धाकटा भाऊ. पायदळात होता. पोट फुटलं होतं, आणि ह्यानं ते दोन्ही हातांनी आत दाबून धरलेलं — चार मैल, खड्ड्यांतून. आईनं बघितलं आणि तिला कळलं. ती म्हणायची, हात काढा म्हणायला तोंड उघडेना. वऱ्हांड्यात स्ट्रेचर टेकवलं आणि तिथेच संपला पोरगा. ड्रायव्हरनं हात काढले. उठला. प्यायला पाणी मागितलं. प्यायला, पेला विसळला, पालथा घातला. आईला वाटलं सावरला. मग गाडीपाशी गेला आणि टॉमी घेऊन आला — टॉमी माहितीय ना, चाकाचे नट फिरवायची ती लोखंडी कांब — आणि शेवटच्या वर्गात गेला.

शेवटच्या वर्गात अकरा जण होते. दहा आपले आणि एक पलीकडचा. पकडलेला. वीसबावीसचा, मांडीपासून पाय कापलेला, ताप एकशे चार. ना त्याची भाषा कुणाला यायची ना त्याला कुणाची. वॉर्डबॉय दारात आडवा आला तर त्याच्या हातावर टॉमी — काटकी मोडावी तसा आवाज आला, आई म्हणायची, तोफा चालू असताना तो आवाज ऐकू आला. दुसरा घाव त्या कैद्याच्या गळ्याखालच्या हाडावर. तो ओरडलाच नाही, नुसता श्वास बाहेर गेला. आणि ते आपले दहा — ते काय करत होते? अहो, उठता कुणाला येत होतं! आणि एक तर म्हणाला म्हणे, मार, आणखी मार. आई पाठीमागून ड्रायव्हरच्या पाठीवर चढली. अक्षरशः चढली, मांजरासारखी. त्यानं झटकली आणि उलट्या हातानं टॉमीचं टोक तिच्या तोंडावर. दात तिथेच पडले. ती खाटेवर आपटली, उठली, आणि हाताला आला तो सलाईनचा स्टँड — आताचे नव्हेत, तुमच्याकडचे हलके, चाकांचे — तेव्हाचे ओतीव लोखंडाच्या तळाचे, दोघांनी उचलायचे. तिनं एकटीनं उचलला, उलटा. आणि मारला. डोक्यात मागून. एकदा. एकदाच. आणि तो गेला.

हो. आपल्याच माणसाला. तुमच्या वाक्यातल्या आईच्या मायेनं.

तोंड मिटा, माशी जाईल. मेजर आले धावत, बघितलं, आणि काय म्हणाले माहितीय? 'सिस्टर, चला, टेबलावर हात कमी पडतायत.' एवढंच. अडीच वाजता गोळा खरोखरच वऱ्हांड्यावर पडला, कौलं आणि दोन खांब खाली आले, आणि मेजरांनी रिपोर्टमध्ये दोघं भाऊ त्या वऱ्हांड्यातच घातले. दोघं तोफमाऱ्यात. वॉर्डबॉयचा हातसुद्धा तोफमाऱ्यात. आईचे दातसुद्धा. ती रक्त थुंकत थुंकत दिवस मावळेपर्यंत टेबलाशी उभी राहिली, त्याचंच पदक मिळालं. आणि तो कैदी? तिसऱ्या दिवशी मेला. तापानं. मी विचारलं होतं तिला एकदा, मग काय उपयोग झाला ग? तर माझ्याकडे असं बघितलं तिनं, जशी मी वेडीबिडी आहे. म्हणाली, 'तिसऱ्या दिवशी मरणार म्हणून पहिल्या दिवशी मारू द्यायचा का?'

पाणी हवंय? माठ… नाही, बाटली आहे तिकडे, शिलाई मशीनच्या मागे. घ्या.

आता त्या दोघांची आई. ती होती ना! दोन मुलं आणि नवरा नाही. तिला पत्र गेलं, मेजरांच्या सहीचं, की थोरला सिस्टरच्या समोर गेला, शेवटी त्या जवळ होत्या. झालं. युद्ध संपल्यावर वर्षभरानं ती बाई पत्ता काढत आमच्या दारात. आणि मग दरवर्षी. मी जन्मले त्याच्या आधीपासून. मी तिला लोकरवाली आजी म्हणायची, कारण माझ्यासाठी दरवर्षी हातानं विणलेला स्वेटर आणायची, आणि अंगाला अगदी चपखल बसायचा — वर्षभर मला न बघता! दोन दिवस राहायची. पहिल्या दिवशी जेवण झालं की आईचा हात धरून बसायची आणि म्हणायची, 'सांग ग.' आणि आई सांगायची. शब्द न शब्द तोच. 'वऱ्हांड्यात होतो. आवाज आला. मी वाकले तर मला ओळखलं त्यांनी. सिस्टर म्हणाले. आईला सांगा म्हणाले. मग डोळे मिटले.' म्हातारी ऐकायची, मान हलवायची, एक टिपूस नाही डोळ्यात. मी लहानपणी ते पाठ म्हणायची, कवितेसारखं.

आणि ती गेली की दुसऱ्या दिवशी आई मला मारायची. हो. तुमच्या पाटीवरची. कारण काहीही चालायचं, दूध सांडलं, दप्तर मध्ये टाकलं. हातात असेल त्यानं मारायची, पट्टी, उलथनं, एकदा इस्त्रीची वायर. पण एकदाच हं. एक घाव, आणि दुसऱ्यासाठी हात वर गेला की तो तिथेच थांबायचा, हवेत, आणि ती न्हाणीघरात जाऊन आतून कडी घालायची. तासतासभर. बाबा टपाल खात्यात, दिवसा घरी नसायचे, मीच दाराबाहेर बसून म्हणायची, आई, नाही लागलं, ये बाहेर. मला वाटायचं तिला माझी दया येते म्हणून थांबते. पोरीला काय कळणार!

मी सोळाची झाले त्या वर्षीची गोष्ट. म्हातारी आली, काठी टेकत. म्हणाली, डोळे गेले माझे, आता प्रवास होत नाही, हे शेवटचं. जेवण झालं. मी दारात उभी होते. म्हातारीनं हात धरला आणि 'सांग ग' म्हणाली. आईनं सुरू केलं, 'वऱ्हांड्यात होतो.' 'ते नको,' म्हातारी म्हणाली. 'ते पाठ आहे मला. दुसरं सांग.' आणि म्हातारी अगदी शांतपणे म्हणते, 'पोरांच्या दोन्ही पेट्या उघडल्या होत्या मी. उघडू नका म्हणाले होते, पण पोरांना आंघोळ न घालता कशी पाठवणार? धाकट्याचं पोट मी बघितलं. ते तोफेचं. थोरल्याच्या अंगावर एक ओरखडा नव्हता, नुसतं डोकं मागून. माझा नवरा दगडाच्या खाणीत होता, सुरुंगानं मेलेली माणसं मी बघितलीत. सुरुंग एकाच जागी परत परत येत नाही. वीस वर्षं वाट बघतेय मी, कधी सांगशील. आता मला दिसत नाही. आता सांग, तुझं तोंड मला बघावं लागणार नाही.'

वीस वर्षं, साहेब! दरवर्षी स्वेटर विणत होती आणि माहीत होतं तिला.

आईनं सांगितलं. मी तेव्हाच ऐकलं पहिल्यांदा. भाऊ, पाणी, पेला, टॉमी, सगळं. म्हातारीनं मध्ये एकच विचारलं, 'किती?' आई म्हणाली, 'तीन.'

हो, मघाशी मी तुम्हाला एकदा म्हटलं. तीनदा. पहिल्या घावाला तो गुडघ्यांवर आला, टॉमी हातातून सुटली होती, लांब गेली होती. वळून बघितलं त्यानं आणि 'सिस्टर' म्हणाला. ते तेवढं खरं होतं, तिच्या त्या कवितेतलं. सिस्टर म्हणाला, आणि तिनं परत मारलं. आणि परत. कैदी वाचला होता तेव्हा. पहिल्याच घावात वाचला होता.

म्हातारी उठली. चाचपडत काठी घेतली आणि मारली आईच्या डोक्यावर. आंधळी, पण बरोबर लागली. आईनं काय करावं? हात मांडीवर ठेवले. असे. उताणे. आणि मान खाली घातली. दुसरी लागली, कानाजवळ, रक्त आलं. आई हलली नाही. म्हातारीनं तिसऱ्यांदा काठी वर केली आणि मी — मला दिसत होतं ना, ती तिसरी होती, ती मारून थांबणार होती, कुणालाही कळलं असतं. मला कळत होतं. तरी मी धावले आणि ढकललं तिला. दोन्ही हातांनी, छातीवर, सगळा जोर काढून. ती मागे गेली आणि उंबऱ्यावर पडली. खुब्याचं हाड मोडलं. त्या आवाजाबद्दल आई जे सांगायची ना, काटकीसारखा — तसाच असतो.

हे कुणाला सांगितलं नाहीये मी. नवऱ्याला नाही. मुलांना नाही. तुम्ही लिहून घेताय का? नका. ते पेन खिशात ठेवा. नाही, ठेवा आधी.

दवाखान्यात डॉक्टरांनी विचारलं, काय झालं? आईच्या केसात रक्त सुकलेलं, माझे दात वाजतायत. आईनं तोंड उघडलं, आणि मला माहितीय ती काय म्हणणार होती — 'मी ढकललं' म्हणणार होती, स्वतःवर घेणार होती. त्याच्या आधी म्हातारी बोलली. 'उंबऱ्याला पाय अडकला. आंधळी बाई, काय करणार! आणि ही मला धरायला आली तर काठी लागली हिला.' असं म्हणाली आणि हात पुढे केला, हवेत, मला शोधत. मी धरला नाही. मी पळाले. त्या दवाखान्याच्या जिन्याखाली जाऊन बसले. सोळा वर्षांची घोडी.

त्या वयात ते हाड जुळत नाही. तुम्हाला सांगायला नको. आई तिला आमच्याकडेच घेऊन आली, माझ्या खाटेवर. अडतीस दिवस. मी जमिनीवर झोपायची. भांडं देणं, पुसणं, दर दोन तासांनी कूस वळवणं, पाठीला पावडर लावणं, सगळं आई. म्हातारीच्या पाठीवर एक फोड येऊ दिला नाही तिनं. आणि बोलायच्या दोघी! मला वाटलं होतं घरात स्मशानशांतता असेल, तर कुजबुज चालायची दिवसभर. थोरल्याला पोहता कसं आलं, धाकटा कशाला घाबरायचा. एकदा मी भांडी घासत होते तर म्हातारीचा आवाज आला, 'दुसऱ्यांदा का मारलंस ग?' मी नळ बंद केला. आई म्हणाली, 'दोन महिने मी शिवत होते, आई. रोज शिवायची आणि रोज नवे फाटून यायचे. आणि तो आमच्यातलाच, तो फाडायला आला. मग मला थांबताच आलं नाही.' आई म्हणाली हं तिला. आई. कधी म्हटलं नव्हतं. आणि म्हातारी म्हणाली, 'मला तरी परवा कुठे आलं.'

मी जाऊन पाय धरायला हवे होते तिचे. अडतीस दिवस होते माझ्याकडे, एका खोलीत. रोज उठले की म्हणायची, आज बोलते. तिनं कधी हाक मारली तर मी पाणी ठेवून निघून जायची. एका दुपारी आई तिचे केस विंचरत होती आणि म्हातारी मध्येच गेली, अर्धी वेणी झालेली. आईनं उरलेली घातली. मग मला म्हणाली, 'तू ढकललंस ते बाहेर बोलायचं नाही. तिनं सांगितलंय तेच झालं.' आणि त्यानंतर तिनं मला कधी मारलं नाही. एकदाही नाही. मला वाटायचं, मारावं.

कसली थोर? पुसा डोळे. तुम्ही रडायला आलात का इथे? मी तुम्हाला विचारते, नीट सांगा. वॉर्डला त्या ड्रायव्हरचं नाव देता येईल का? एकशे चाळीस माणसं भरून आणली त्यानं. त्याच्यामागे कुणी नाही मागायला. ती म्हातारी होती, तिची सोय आम्ही मायलेकींनी लावली. त्याचं नाव द्या, खाली काही लिहू नका, नुसतं नाव आणि 'ड्रायव्हर'. मी सही करते, आत्ता, ह्या घटकेला, साक्षीदार म्हणून करते, अंगठा उठवते. … वर विचारावं लागेल. आणि वर विचारलं तर का म्हणून सांगावं लागेल. हो. बरोबर आहे तुमचं.

मग नको. घ्या हा कागद. घ्या म्हणते ना. मुलीची संमती नाही लिहा, बाई तऱ्हेवाईक आहे लिहा. आणि मी काही बोलले नाही. तुम्ही आलात, पाणी प्यायलात, मी कामात होते. निघा आता, मला सुई ओवू द्या. जाताना दार ओढून घ्या.